बांगड्या चालतील का?

आमच्या घरातली पहिली नर्सिंग असिस्टंट मी होणार होते. दिवाळीच्या फराळाला, चकलीचा तुकडा हातात धरून, मी तसं सगळ्यांसमोर जाहीरही केलं होतं. नवरा "बरं" म्हणाला आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिला. दीर म्हणाला, "वहिनी, या वयात?" आणि त्याने लाडू उचलला. फक्त धाकटी जाऊ चहाचे कप गोळा करता करता थांबली. म्हणाली, "ताई, त्याला शिक्षण किती लागतं हो?"

तो प्रश्न मला तिथल्या तिथे खुपला. घोषणा माझी होती. तिच्यात दुसऱ्या कुणी चौकशी करावी असं काही नव्हतं.

घोषणेला कारण होतं. आदल्या वर्षी सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, लासलगावकडच्या ठसक्यासकट. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. सुरुवातीला नर्सिंग ब्युरोकडून एक बाई यायच्या. त्या गेल्यावर आम्ही दोघी जावांनी काम वाटून घेतलं. नाशिकला सिडकोत आमचं घर खाली, दिराचं वर. सासूबाई खाली, म्हणजे माझ्याकडे. जेवण माझं, औषधं माझी, रात्रीचं उठणं माझं. आणि कूस बदलायची वेळ झाली की सासूबाई खिडकीकडे तोंड करून हाक मारायच्या ती वरच्या मजल्याला!

"आई, मी इथेच आहे की," मी म्हणायचे.

"तू हायेस गं. पण तिचा हात हलका हाय."

हलका हात! जाऊ येवल्याची, घरात पैठणीचे माग असलेली. रेशमाचा धागा न तोडता जोडायचा कसा, हे तिला पाटी-पेन्सिलच्या आधी शिकवलेलं. आणि मी नाशिकच्या भांडीबाजारात वाढलेली. आमच्या माहेरी भांडं ठेवलं तरी ते ठेवल्याचं गल्लीला कळायचं. हलक्या हाताची आमच्याकडे कधी गरजच पडली नाही.

म्हणून मी ठरवलं, आपण रीतसर शिकायचं. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, घर रिकामं वाटत होतं. पापड, विमा आणि वजन कमी करायची पावडर हे माझे तिन्ही उद्योग आटोपले होते (त्यांच्याबद्दल आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नाही). शिकले तर कुठेतरी नोकरी लागेल, हे होतंच. पण खरं सांगायचं तर मला ती हाक खाली वळवायची होती. भिंतीवर सर्टिफिकेट लागलं की हात आपोआप हलका होतो, अशी माझी समजूत होती.

आता शिकायचं कुठे? मिक्सर घ्यायचा तर आम्ही महिनाभर दुकानं पालथी घालतो, आवाज ऐकतो, वॉरंटी विचारतो. इथे फक्त दोन ठिकाणं पाहिली.

पहिलं मुंबई नाक्याकडचं एक हॉस्पिटल. तिथे वॉर्डातच शिकवतात असं कळलं होतं. नवऱ्याच्या स्कूटरवरून गेले. मार्कशीट, आधार कार्ड, फोटो, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून नेलं होतं. तिथल्या मोठ्या सिस्टरनी फोल्डरकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझे हात पाहिले.

"या काढाव्या लागतील."

"कोणत्या?"

"सगळ्या. काचेच्या, सोन्याच्या, सगळ्या. अंगठी पण. नखं कापून यायचं. घड्याळ खिशात."

"पण मी सवाष्ण आहे हो," मी म्हणाले.

"इथल्या बऱ्याच जणी आहेत," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या मुलीचे हात पाहायला लागल्या.

मला राग आला. राग आला की मी सासूबाईंना पुढे करते. लग्नापासूनची सवय आहे. आणि या बाबतीत सासूबाई होत्याही कडक. नवी नवरी असताना मी एकदा हातात एकेकच बांगडी ठेवून शेजारी हळदीकुंकवाला निघाले होते, तर त्यांनी मला उंबऱ्यावरून परत फिरवलं होतं. "आधी कासाराकडे जा," म्हणाल्या होत्या. तेव्हापासून भांडी घासताना, पीठ मळताना, अंघोळीला, माझे हात कधी रिकामे नव्हते. हिरव्या काचेच्या सहा-सहा, दोन्हीकडून पाटल्या. मी सिस्टरना ठणकावून सांगितलं, "आमच्या सासूबाईंना हे चालणार नाही." आणि फोल्डर छातीशी धरून बाहेर आले.

दुसरं ठिकाण कॉलेज रोडला. खाली मोबाइलचं दुकान, वर काचेचं दार, आत एसी. शिवाय एक गोड बोलणारी मुलगी आणि थंड पाण्याची छोटी बाटली. एका खोलीत पलंगावर चौकड्याच्या चादरीखाली एक पुतळा झोपवला होता. तोंड उघडं, डोळे छताला. सगळं त्याच्यावर शिकवतात, असं ती म्हणाली. युनिफॉर्म मोरपंखी. मोरपंखी रंग मला शोभतो.

मी एकच प्रश्न विचारला. "बांगड्या चालतील का?"

"चालतील ना, मॅडम! आपल्याकडे सगळं कम्फर्टेबल आहे."

नवरा इतका वेळ एसीखाली उभा होता. तो म्हणाला, "आणि पेशंट कुठे आहेत?"

"ते शेवटी असतं, सर. इंटर्नशिपला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोरपंखीकडे पाहत होते. मिक्सरच्या वेळी बोलतो तेवढंही तो बोलला नाही.

घरी आल्यावर मी जावेला सगळं रंगवून सांगितलं. हॉस्पिटलचं जरा जास्तच रंगवलं. "अगं, हात भुंडे करायला लावतात! आईंना कळलं तर?" माझा हेतू एवढाच की तिने नर्सिंगचा नाद सोडावा. ती पायरीवर बसून मेथी निवडत होती. "बघते," म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी मी भाजी घेऊन आले, तर सासूबाईंच्या खोलीत पलंगाशी स्टीलची परात. परातीत साबणाचं पाणी. खाली जाऊ बसलेली, तिचं मनगट सासूबाईंच्या उजव्या हातात. सासूबाई तिच्या अंगठ्याचा सांधा दाबून एकेक बांगडी सरकवत होत्या. एका हाताने! पलंगावर फडक्यात हिरव्या बांगड्यांची चळत.

मी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी. कोथिंबीर खाली पडली.

"हॉस्पिटलात घेतलं मला, ताई," जाऊ म्हणाली. "आईंना इचारलं, तर म्हणल्या आण इकडं हात."

सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "रुग्णाच्या अंगाला काच लागली तर कुणाचं भलं व्हायचं? सणावाराला चढवील परत. हात काय कुठं पळून जात न्हाई."

बांगड्या निघाल्यावर त्यांनी पैठणीच्या एका जुन्या रेशमी चिंधीत त्या गुंडाळल्या आणि उशाशी असलेल्या डब्यात ठेवायला लावल्या. चिंधीसुद्धा रेशमी! मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी फ्रिजमध्ये अशी भरली की भांडीबाजाराला अभिमान वाटावा.

आमचे दोघींचे वर्ग सुरू झाले. सकाळपुरत्या सासूबाईंजवळ ब्युरोच्या बाई परत यायला लागल्या. मी सकाळी मोरपंखी ड्रेसमध्ये रिक्षाने कॉलेज रोडला. ती पांढऱ्या कोटात, भुंड्या हातांनी, सिटी बसने. कॉलेज रोडला आम्ही सगळ्या बायका त्या पुतळ्याला अंघोळ घालायचो, त्याची चादर बदलायचो, त्याला चमच्याने पाणी पाजायचो. सगळ्यांचे हात भरलेले. चौघी मिळून त्याची कूस बदलायला लागलो की खोलीत डोहाळजेवण चालल्यासारखा किणकिणाट व्हायचा. मी वर्गात पहिली होते. पुतळ्याने माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

प्रश्न दुपारी यायचा. जाऊ घरी आली की आधी सासूबाईंच्या खोलीत. पाय सुजलेले, अंगाला फिनाईलचा वास, आणि तोंडात गोष्टी. आज कुणी पेज प्यायली, कोणती आजी नर्सला सून समजून भांडली, कोण आजोबा घरी जाताना रडले. सासूबाई उशी उंच करून ऐकायच्या. मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "तुझ्याकडं काय झालं आज?"

काय होणार? पुतळा कालच्यासारखाच होता.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "एका बाबांना अंघोळ घातली." एवढंच. खोटं नव्हतंच ते.

"कुठले गं बाबा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "विंचूरचे."

तिथून पुढे ते बाबा माझ्या हातात राहिले नाहीत. रोज दुपारी जावेच्या गोष्टींच्या वरचढ काहीतरी लागायचं. बाबा बोलत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलं. तेवढी सोय ठेवली. बाबांचा कांदा होता, द्राक्षं होती. बायको वारलेली. मुलगा तिथल्याच वाइन कारखान्यात कामाला, पण भेटायला येत नाही. डोळे सदा छताला लावून त्याची वाट बघतात. हे शेवटचं सांगताना मीच डोळे पुसले.

सासूबाईंनी जावेच्या भांडणाऱ्या आजीला पार सोडून दिलं. मी दारातून आत येण्याआधीच प्रश्न यायचा, "आला का गं त्या बाबाचा मुलगा?"

इतक्या वर्षांत त्या घरात माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. जाऊ बाजूला बसून गुडघे चोळायची आणि ऐकायची. एकदा म्हणाली, "ताई, त्यांना बेडसोअर नाहीत का झाले? इतके दिवस झोपून हायेत तर."

"आमच्याकडे काळजी घेतात," मी म्हणाले.

मग एके सकाळी सासूबाईंनी मला साजूक तुपातला शिरा करायला लावला. वर काजू. "डबा भर. त्या बाबाला ने. मुलगा नाय तर नाय, कुणीतरी गोड घालावं माणसाला." आठवड्यात दोनदा असा डबा गेला. मधल्या सुट्टीत पुतळ्याच्या खोलीत बसून मी तो संपवला. त्याच्या उघड्या तोंडाकडे पाठ करून बसायचे. शिरा चांगला झाला होता. मोरपंखी ड्रेस मात्र पोटाशी तटतटायला लागला.

जाऊ तेव्हा बारीक होत चालली होती, आणि तिला ते शोभतही होतं. तेही मी पाहत होतेच.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, जावेला यायला उशीर होणार होता. सासूबाईंची चादर ओली झाली होती. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, वर कुणी नाही हे आठवलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"येईल ना तुला?"

इतके महिने मी त्या तीन शब्दांसाठी झटत होते. "म्हणजे काय, आई! रोज करते मी."

वर्गातल्यासारखी उभी राहिले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, स्वतःकडे वळवायचं. पुतळा एकसंध वळतो, लाकडाच्या ओंडक्यासारखा. माणूस तसा वळत नाही. खांदा आला, कंबर मागे राहिली, डावा हात अंगाखाली गेला. तो काढायला मी घाईने हात घातला. बांगड्या खळकन वाजल्या. शेवटी कशीबशी चादर बदलली, त्यांना नीट निजवलं, घाम पुसला, आणि "झालं!" म्हणाले.

सासूबाई "बरं वाटलं," म्हणाल्या. मी इतकी खूश झाले की पांघरूण घालायला दोनदा वाकले. दुसऱ्यांदा वाकले तेव्हा नव्या चादरीवर लाल दिसलं.

त्यांच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटाकडे, ओरखडा होता. त्यात काचेचा एक हिरवा कण चमकत होता. माझी एक बांगडी फुटून टोकदार झाली होती, ते मला कळलंच नव्हतं. त्यांना कळलं नव्हतं, कारण त्या हाताला काही कळतच नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"तोंड का असं झालं तुझं?" आणि त्यांनी मान वळवून आपला हात पाहिला. मग माझा पाहिला.

"त्या विंचूरच्या बाबाला पण असंच लागतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"का बरं?"

"तो प्लॅस्टिकचा आहे, आई."

सासूबाईंच्या उजव्या गालाला सुरकुत्या पडायला लागल्या, डावा जागच्या जागी राहिला. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय. पण त्या हसत होत्या. झटक्यानंतर त्या इतकं हसल्या नव्हत्या. डोळ्यांतून पाणी, अर्धं तोंड वाकडं, पलंग हलत होता.

"मंग माझा शिरा कुणी खाल्ला?"

मी पोटावरचा ड्रेस खाली ओढला. त्यावर त्या आणखी हसल्या.

जाऊ आली ती हसण्याच्या आवाजाने धावत. तिने ओरखडा पाहिला, माझ्या बांगड्या पाहिल्या. आधी बेसिनवर गेली, हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटाच्या वरपर्यंत. तिच्या मनगटांवर अडवायला काही नव्हतं. मग काचेचा कण काढला, जखम पुसली, चिकटपट्टी दाताने न तोडता बोटांनीच अशी फाडली की आवाजसुद्धा झाला नाही. मला त्या चिकटपट्टीचाही हेवा वाटला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं नवी बॅच सुरू होतीये. मी बोलू का सिस्टरशी?"

"माझं मी बोलीन," मी म्हणाले. इतकं झाल्यावरही.

मोठ्या सिस्टरनी याही वेळी फोल्डर पाहिलं नाही. हात पाहिले. "सासूबाईंना चालणार नव्हतं ना?"

"विचारून सांगते," मी म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदाच जाणवलं की हे मी सासूबाईंना कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी परात घेतली, साबणाचं पाणी केलं आणि पलंगापाशी खाली बसले. बसल्या बसल्या आधी भांडण काढलं. त्याशिवाय मला हात पुढे करता येईना.

"तिचा हात लगेच मांडीवर घेतलात. आणि मला उंबऱ्यावरून कासाराकडे पाठवलं होतंत."

"तू हळदीकुंकवाला चालली होतीस. ती दवाखान्यात चालली होती," सासूबाई म्हणाल्या. "आन् तिनं इचारलं मला. तू माझ्या नावानं परस्पर उत्तर देऊन आलीस. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं मला त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला मोरपंखी शोभत होतं," त्या म्हणाल्या. "आण हात."

जावेच्या बांगड्या भराभर निघाल्या होत्या. माझ्या निघेनात. माझं हाड रुंद, वर शिऱ्याचे दिवस. त्यांचा एकच हात, माझा दुसरा हात मदतीला. साबण झाला, खोबरेल झालं. एक बांगडी तडकली. "वाढवली," सासूबाई झटकन म्हणाल्या. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. चांगला अर्धा-पाऊण तास गेला असेल. तेवढा वेळ माझा हात त्यांच्या हातात होता, जावेपेक्षा कितीतरी जास्त. मी मनातल्या मनात त्याची नोंद करून ठेवली.

शेवटी पाटल्याही निघाल्या. मनगटावर पांढरे वळ उठले होते. माझेच हात मला अनोळखी वाटले. सासूबाईंनी डबा उघडायला सांगितला. आत जावेची रेशमी चिंधी. माझ्या बांगड्या गुंडाळायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी उचलली.

"मला पण चिंधीत," मी म्हणाले.

"गप," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी जावेची चिंधी सोडली, माझ्या बांगड्या तिच्या बांगड्यांशेजारी ठेवल्या आणि दोन्ही चळतींवर मिळून एकच गाठ मारायला मला सांगितलं. गाठ मी मारली. माझ्या वरच्या बाजूला येतील अशी.

आता मी सिटी बसने जाते. पांढरा कोट मला शोभत नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊ माझ्या आधीच्या बॅचची, म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "यांच्यासोबत राहा, त्या दाखवतील." तिने दाखवलं. चांगलं दाखवलं, त्यामुळे जास्तच त्रास झाला. पण खऱ्या माणसाचा खांदा आणि कंबर बरोबर वळवायला मला आता जमतं. पेशंट कण्हतात, शिव्या देतात, कधी हात धरून ठेवतात. विंचूरच्या बाबांपेक्षा ते फार कटकटीचे आहेत. घरी आल्यावर सांगायला मात्र भरपूर असतं, आणि सासूबाई दर वेळी ऐकून झाल्यावर विचारतात, "हा खरा हाय ना?"

आणि ती हाक? ती खिडकीकडे तोंड करून येत नाही आता. सासूबाई वर छताकडे बघून नुसतंच "अगं" म्हणतात. कोण अगं, ते सांगत नाहीत. आम्ही दोघी निघतो. ती जिना उतरून, मी स्वयंपाकघरातून. मी जवळ असते, त्यामुळे आधी मीच पोचते. पण हात धुतल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, हे आता अंगात भिनलंय. म्हणून मी बेसिनवर थांबते, बोटांच्या बेचक्या, मनगट, सगळं रीतसर.

तेवढ्यात ती माझ्या मागून आत जाते. ती वरूनच हात धुऊन निघते.